पाठकोरा

बाबा रिफायनरीचं शटडाऊन प्लॅन करतात,
म्हणून माझी पदवीही त्यांनी आडव्या पट्ट्यांत मांडली.
सोहारच्या आमच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावर
एक मोठा पाठकोरा कागद. पलीकडच्या बाजूला
कुठल्याशा हीट एक्स्चेंजरची साफसफाई, तासातासाने.

पहिलं सत्र : मानसशास्त्राची ओळख, इंग्रजी,
आणि अरबी, जी मला बकाल्यातल्या उधारीपुरती येते.
दुसरं : संख्याशास्त्र.
त्याखाली बाबांनी लाल रेघ ओढली.
"हे अडलं की पुढचं सगळं अडतं."
त्यावर टेकलेल्या संशोधन पद्धती,
त्यावर प्रयोगशाळा, त्यावर प्रबंध,
एकावर एक पिंपं रचावीत तसं.

"आणि हे काय, स्वप्नांचा अभ्यास?"
"ऐच्छिक आहे."
"मग टाक शेवटी."

उन्हाळ्यात इंटर्नशिप, मी म्हटलं.
"उन्हाळ्यात इथे असतं कोण," आई आतून म्हणाली,
पोळी तव्यावर होती, तिने मान वळवली नाही.
पण बुथैनाबाई म्हणाल्यात, विशेष मुलांच्या केंद्रात दोन महिने बस.
मदत करू नकोस. नुसतं बघ.
मूल रडलं, असं लिहू नकोस,
कशानंतर रडलं आणि किती मिनिटं, ते लिही.

बाबांना हे फार आवडलं.
"आमच्या लॉगबुकासारखं," म्हणाले.

मग पट्ट्या संपल्यावर
त्यांनी पेन्सिलने एक उभी रेघ मारली,
पाचव्या सत्राच्या बरोबर मधून,
वरून खालपर्यंत, फूटपट्टीशिवाय.
बाकी सगळ्याला नाव होतं, तारीख होती.
हिला काही लिहिलं नाही.
त्यांचा करार दर दोन वर्षांनी नवा होतो
किंवा होत नाही. आम्ही त्यावर बोललो नाही.
पोळ्या झाल्या होत्या.

जेवणानंतर मी प्रश्नावली काढली.
मराठी करून एका माणसावर तपासून आण, असं बाईंनी सांगितलं होतं.
आधी संमतिपत्र :
"कुठल्याही क्षणी, कारण न देता, तुम्ही थांबू शकता."
बाबांनी ते दोनदा वाचलं.
"कारण न देता?"
"न देता."
हसले. सही केली, कंपनीच्या कागदावर करतात तीच, आखूड.

गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा एकटं वाटलं?
कधीच नाही, क्वचित, बरेचदा, सतत.
"शटडाऊनचे दिवस धरायचे?"
"सगळे धरायचे."
"आणि तुम्ही दोघी यायच्या आधीची, कॅम्पातली सहा वर्षं?"
"फक्त दोन आठवडे, बाबा."
"म्हणजे ती कुठेच यायची नाहीत."

एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
मग ते एकदम कामाला लागल्यासारखे बोलू लागले :
"तुझा शब्द चुकलाय. एकटं म्हणजे खोलीत दुसरं कुणी नाही.
आम्ही एका खोलीत आठ जण होतो.
एकटं व्हायला बाथरूमची पाळी लागायची.
रात्री उस्मान कण्णूरला फोन लावायचा,
बाकीचे सात भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे,
त्याला मोकळं बोलता यावं म्हणून.
त्याला जे म्हणतात, तो शब्द घाल."

मी पेन धरून बसले.
कशानंतर, ते लिहिता आलं असतं. किती मिनिटं, तेही.
शब्द आला नाही.
प्रश्नासमोर जागा कोरी ठेवली
आणि समासात लिहिलं : भाषांतर अपूर्ण.

खिडकीच्या काचा बाहेरून ओल्या झाल्या होत्या,
त्यामागे रिफायनरीची ज्योत, पुसट, मोठी.
बाबांची सकाळची पाळी, ते झोपायला गेले.

सकाळी टेबलावर तक्ता तसाच,
कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग.
उभी रेघ जागेवर होती, पुसली नव्हती.
फक्त शेवटच्या सत्रातली एक पट्टी खोडून
तिसऱ्यात घातली होती, दाटीवाटीने, बारीक अक्षरात :
स्वप्नांचा अभ्यास,
रेघेच्या अलीकडे.